आवडलं नाही, असं म्हणायची सोय

‘श्रीमान योगी’ या कादंबरीपेक्षा तिला जोडलेली नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना मला जास्त आवडते. हे मत पुण्यात मांडलं तर फार तर चहा संपेपर्यंत वाद चालेल. दोघं माझ्या बाजूने येतील, दोघं कुरुंदकरांना शिष्ट म्हणतील, विषय संपेल. बेळगावात हेच बोललं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, “का गा, तुला काय झालं?” पुस्तकात काय कमी आहे, असं कुणी विचारत नाही.

त्यामागचं कारण कळण्यासारखं आहे. रणजित देसाई कोवाडचे. कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण तिकडची माणसं लग्नाच्या बस्त्याला बेळगावातच येतात. तेव्हा देसाई आमचे. महाराज तर आमचेच. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. लेखकही आपला आणि नायकही आपला, मग पुस्तक नावडलं म्हणणारा कोणाचा? माझी तक्रार साधी होती. महाराजांच्या मनात उतरायची वेळ आली की कादंबरी भरजरी भाषेत शिरते आणि मी बाहेरच राहतो. कुरुंदकर मात्र विचारतात की पराक्रमाचे चार ठळक प्रसंग बाजूला ठेवले तरी हा राजा मोठा का ठरतो, आणि तो गेल्यावरही रयत त्याच्या राज्यासाठी का लढत राहिली. त्या प्रश्नांनी माझ्या मनातले महाराज मोठे झाले. पण हे सांगायला पुढची पाच मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : सीमाभागातल्या मराठी वाचकाला मराठी पुस्तक नावडायची मुभा पाहिजे, आणि ती त्याने स्वतःच घ्यायला पाहिजे. तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावं लागत नाही.

साहित्य आणि सीमाप्रश्न वेगळे ठेवा, असं मला सुचवायचं नाही. ते वेगळे कधी नव्हतेच. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. पुढं सीमावाद सोडवायला केंद्राचा महाजन आयोग आला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. मधल्या काळात, २००० साली, य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा इथं भरलं. २०११ साली कर्नाटक सरकारने विश्व कन्नड संमेलन भरवलं तेही याच शहरात. दोन्ही वेळा गर्दी किती जमली याची चर्चा जोरात झाली. कुठलं पुस्तक चांगलं आणि कुठलं रद्दी, यावरून दोन माणसं भांडल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

एवढी वर्षं हे चालल्यावर पुस्तकाचं जे व्हायचं तेच झालं. इथं मराठी पुस्तक आधी पुरावा असतं. बघा, या मातीत मराठी लिहिलं जातं, छापलं जातं, वाचलं जातं. पुराव्याला कुणी चांगला-वाईट म्हणत नाही. तो फायलीला लावतात.

जी. ए. कुलकर्णींचंच बघा. ते चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, बेळगावात शिकलेले, धारवाडला नोकरी केलेले. सीमाभागातल्या संमेलनांच्या स्वागतपर भाषणांत त्यांचं नाव हमखास येतं, इंदिरा संतांच्या नावाला जोडून. नाव येतं आणि भाषण पुढं सरकतं. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ मधल्या कथा मला फार प्रिय आहेत. त्यांतली कडवट, हट्टी, नात्यांत सोलून निघालेली माणसं मला बेळगाव-धारवाड रस्त्यावर कुठंही भेटतील असं वाटतं. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ मी कुठूनही उघडून वाचतो. ‘रमलखुणा’शी मात्र माझं जमत नाही. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या त्यातल्या दोन दीर्घकथा थोर मानल्या जातात. मला तिथली माणसं माणसं वाटतच नाहीत; नाव नसलेल्या प्रदेशात एकमेकांना तत्त्वज्ञान ऐकवणारे आवाज वाटतात, आणि जी.ए. स्वतःच्याच उंचीवर थोडे खूश झालेले दिसतात. जी.ए.भक्त यावर रागावतील. रागावू देत, तो राग निदान पुस्तकावरून आलेला असेल. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर प्रकाशनाच्या काळावरून वाद निघाला, तेव्हा या गृहस्थाने पुरस्कार परत करून टाकला. पुस्तकाच्या बाबतीत इतक्या कडक माणसाला आपण नुसता हार घालून मोकळे होतो.

आता ययातीची गोष्ट. मूळ महाभारताच्या आदिपर्वातली. वि. स. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची. तिला साहित्य अकादमी मिळाली, आणि १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं ते मराठीतलं पहिलं. कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९६१ साली, धारवाडला शिकलेल्या गिरीश कार्नाडांचं ‘ययाति’ हे कन्नड नाटक छापून आलं. तेव्हा कार्नाड जेमतेम तेविशीत. बेळगावचा वाचक अशा मोक्याच्या जागी बसलाय की ही दोन्ही पुस्तकं त्याला मुळातून वाचता येतात. मुंबईच्या समीक्षकाला ही चैन परवडत नाही. आम्हाला परवडते, आणि आम्ही ती करत नाही.

खांडेकरांच्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. रचना हुशारीची आहे. पण तिघांचा आवाज एकच! राजा असो, शुक्राचार्यांची लाडावलेली लेक असो की दासी झालेली राजकन्या, सगळी एकाच मास्तरांकडे सुभाषितं पाठ करून आल्यासारखी बोलतात. दुःख झालं की उपमा, सुख झालं की उपमा. कच आला की मला पानं उलटावीशी वाटतात; इतक्या निर्दोष माणसाचं कादंबरीत काम काय? वासनेला अंत नाही आणि संयम बरा, हा निकाल सुरुवातीलाच लागलेला असतो, वाचकाने फक्त खाली सही करायची.

कार्नाडांनी महाभारतात नसलेली एक बाई आणली : पुरूची नवी नवरी, चित्रलेखा. मुलाने बापाचं म्हातारपण स्वतःवर घेतलं, सगळे त्याला धन्य म्हणायच्या तयारीत, आणि ही मुलगी सासऱ्यापुढं उभी राहून विचारते की माझ्या नवऱ्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत, मग माझं काय? ती तेवढ्यावर थांबत नाही. तारुण्य तुमच्याकडे आहे तर या घराण्याचा वंशही तुम्हीच द्या, इथपर्यंत ती जाते. ययातीला ते ऐकवत नाही. ती विष घेते. त्या एका प्रसंगात त्यागाची सगळी गोड भाषा उघडी पडते. नाटकात नवखेपणा आहे, काही संवाद उगीच लांबतात. पण मिटल्यावर माझी झोप गेली ती या पुस्तकाने.

हे बोलून दाखवलं तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, “अहो, पण मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते कुणामुळं?” खांडेकरांमुळं, कबूल. कार्नाडांनाही मिळालं, १९९८ चं. आणि ज्ञानपीठांची बेरीजच करायची तर कन्नडची आठ होतात, मराठीची चार. हा हिशेब आपल्याला महागात पडणारा आहे, म्हणून तरी तो सोडावा.

कुणाला वाटेल की मी कानडीच्या प्रेमात पडून मराठीला नावं ठेवतोय. तसं असतं तर एस. एल. भैरप्पांचं ‘आवरण’ही मला आवडायला हवं होतं. ते नाही आवडलं. कादंबरीचं सोंग घेतलेला युक्तिवाद आहे तो. पात्रं पुढं येतात, पुरावे वाचून दाखवतात आणि जातात. त्याउलट पूर्णचंद्र तेजस्वींचं ‘कर्वालो’ मी भेटेल त्याच्या हातात देतो. मूडिगेरे भागातला एक वैतागलेला शेतकरी, एक शास्त्रज्ञ आणि गावात कुणी हिशेबात न धरलेला मंदण्णा उडणाऱ्या सरड्याच्या शोधात घाटाच्या जंगलात शिरतात, एवढीच गोष्ट. खानापूरच्या जंगलात वाढलेल्या माणसाला ती आपल्या मळ्यातली वाटते. तसली थट्टा आणि तसलं कुतूहल मला मराठी ग्रामीण कादंबरीत फार शोधावं लागतं. आमच्याकडे गाव आलं की दुष्काळ, सावकार आणि हुंदका येतो. ज्यांना कानडी लिपी वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी कन्नडमधलं कितीतरी उमा कुलकर्णींनी मराठीत आणून ठेवलंय, आणि त्या जन्माने बेळगावच्याच. त्यांचं नाव मात्र स्वागतपर भाषणांत फारसं येत नाही. का ते ज्याने त्याने ठरवावं.

इथं लगेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शेतजमिनीचा उतारा कानडीत येतो. बसच्या पाट्या कानडीत, पंचायतीची नोटीस कानडीत. पन्नास वर्षं शेती केलेला म्हातारा स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्राने मान्य केलेलं सूत्र आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत ते कितपत पाळलं जातं हे इथल्या कुणालाही विचारा. अशा वेळी कानडी पुस्तकाचं कौतुक कसलं करता, असं कुणी म्हटलं तर त्याचा राग मला समजतो. मराठीत कागद मिळाला पाहिजे ही मागणी माझीही आहे, आणि मी ती सोडणार नाही. पण तहसीलदाराच्या नोटिशीची कानडी आणि तेजस्वींची कानडी यांना एकच शिक्षा का द्यायची? ज्याने नोटीस काढली त्याने बहुधा तेजस्वी वाचलेले नसतात.

स्वतःच्या घरच्या पुस्तकांबद्दल बोलायचं तर प्रकाश नारायण संतांशिवाय पुढं जाता येत नाही. ‘वनवास’ आणि ‘शारदा संगीत’ मला का आवडतात? त्यांत कुणी काही सिद्ध करत नाही. त्यांतला शाळकरी मुलगा लंपन ‘मॅड’ म्हणतो, ‘हुंब’ म्हणतो, सुमीपुढं गडबडतो, त्याच्या मराठीत कानडी शब्द शिरलेले असतात आणि त्याबद्दल कुणी छाती पुढं काढत नाही की मान खाली घालत नाही. इथलं बोलणं छापील पानावर पहिल्यांदा मला तिथं नीट ऐकू आलं. तरी चार पुस्तकं सलग वाचताना ‘पंखा’ आणि ‘झुंबर’पर्यंत येता येता ‘मॅड’ सवयीने यायला लागतो. मुलाच्या आडून मोठा माणूस जरा जास्तच गोड हसतोय, असंही मधूनमधून वाटतं. एवढं म्हटल्याने लंपन माझ्यापासून लांब गेलेला नाही. इंदिरा संतांच्या ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’मधल्या कवितांबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही, त्यांच्याविषयी भांडायला मी वाईट गडी आहे.

आता नाजूक जागा. सीमाभागात दरवर्षी कितीतरी कवितासंग्रह निघतात, आणि पुष्कळांत सीमेवरच्या कविता असतात. नावं घेत नाही, कारण लिहिणारी माणसं सज्जन आहेत आणि पदरमोड करून छापतात. पण कविता? मायमराठी साखळदंडात आहे, तिचे अश्रू कृष्णा-मलप्रभेला मिळतात, वाघाचे बछडे जागे होतात, रक्ताचा थेंब शेवटच्या ओळीत पडतो. तीस कविता वाचल्या तरी त्या कवीचं गाव कुठलं ते कळत नाही. आणि इथं लिहिण्यासारखं काय नाही? १ नोव्हेंबरला काळा शर्ट घालून सायकल फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देणारा मुलगा संध्याकाळी कानडी व्याकरणाच्या शिकवणीला जातो, कारण पोलीस भरतीची परीक्षा आहे. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, त्याच्या आईला तर मुळीच नाही. नात्यातली एक सून धारवाडकडची आहे, ती वर्षभरात मराठी शिकली आणि सासूला कानडी येतं हे तिला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. हे सगळं आपण रोज जगतो. संग्रहात ते सापडत नाही, कारण संग्रह लिहिताना कवी ठराव लिहायला बसल्यासारखा बसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ही ओळ खोटी वाटते. प्रकाशनाला सगळे येतात, शाल येते, “सीमाभागात राहून मराठीची सेवा” हे वाक्य येतं, आणि पुस्तक कुणी उघडत नाही.

“आधी भाषा टिकू दे, दर्जाचं मग बघू,” असं मला नेहमी सांगितलं जातं. हे म्हणणाऱ्यांनी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांच्यापुढं आवाज चढवायची माझी तयारी नाही. तरी विचारतो, टिकवायची कुणाच्या जोरावर? पुढची पिढी इंग्रजी शाळेत आहे, त्यातली बरीचशी कानडी सिनेमाही आवडीने बघते. त्या मुलांना ‘हे वाच, कारण हे आपलं आहे’ असं सांगून काही होत नाही. आपलं असणं हे पुस्तक हातात घ्यायला पुरतं, दहाव्या पानापर्यंत पुरत नाही. त्यातून त्यांच्या हातात आपण प्रेमाने दिलेलं पहिलंच मराठी पुस्तक रद्दी निघालं, तर त्यांचा समज होतो की मराठी म्हणजे हेच. ‘हे फसलंय, ते सोड, हे घे’ एवढं म्हणणारा मोठा माणूस घरात असता तर मूल वाचलं असतं, दोन्ही अर्थांनी.

मतभेद दिसला तर दुसऱ्या बाजूला आयतं कोलीत मिळेल, ही भीतीही आहे. कुणाला? बंगळुरात बसून बेळगावच्या कवितासंग्रहावरचं परीक्षण वाचणारा माणूस असेल तर त्याचा मी जाहीर सत्कार करीन. सर्वोच्च न्यायालयातला दावा चार कविता वाईट ठरल्याने पडणार नाही, आणि चाळीस चांगल्या ठरल्याने जिंकलाही जाणार नाही.

करता येण्यासारखं फार अवघड नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा, माचीगड इथली गावोगावची साहित्य संमेलनं हे या भागाचं खरं वैभव आहे. शेतकरी वर्गणी काढतात, बायका डोक्यावर कलश घेऊन ग्रंथदिंडीत चालतात, मांडव दुपारच्या उन्हातही भरलेला असतो. २०२० मध्ये काही ठिकाणी महाराष्ट्रातल्या साहित्यिकांना पोलिसांनी येऊ दिलं नाही, तरी गावाने संमेलन सोडलं नाही. असा श्रोता पुण्या-मुंबईत मिळत नाही. पण कार्यक्रम काय असतो? दिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, जेवण, कथाकथन, कविसंमेलन, ठराव. श्रोत्याने हसायचं, टाळ्या वाजवायच्या, हात वर करायचा. यात एक तास मागतोय मी. एक पुस्तक, दोन वाचक. एक बाजूने, एक विरुद्ध. दोघंही त्याच पंचक्रोशीतले पाहिजेत, आणि प्राध्यापक नसले तर उत्तम. लेखक हयात असेल तर त्याने मांडवात खाली बसून ऐकावं. हार-नारळ दुसऱ्या दिवशी.

तसंच वाचनालयांचं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे सीमाप्रश्नाहून शंभरएक वर्षांनी मोठं. गावोगावी लहान वाचनालयं आहेत. त्यांच्या खरेदीच्या यादीत भेट आलेले, ओळखीतले, स्थानिक म्हणून घेतलेले संग्रह किती आणि वाचकाने मागितलेली पुस्तकं किती, हे सभासदांनी एकदा वार्षिक सभेत विचारावं. आणि मराठी कपाटाशेजारी कानडीतून आलेल्या अनुवादांचं एक कपाट ठेवावं, जमलं तर मुळातल्या पुस्तकांसकट. त्याने कुणाचं मराठीपण कमी होणार असेल तर ते आधीच फारसं शिल्लक नव्हतं.

संमेलनातल्या त्या तासासाठी पहिलं पुस्तक मी सुचवतो : खांडेकरांचं ‘ययाति’. विरुद्ध बाजू माझी. खांडेकरांची बाजू घ्यायला खानापूर तालुक्यातून मला किमान दोन निवृत्त शिक्षक ठाऊक आहेत. दोघांनाही त्या कादंबरीतली पानंच्या पानं पाठ आहेत, आणि वेळेची घंटा वाजली तरी ते खाली बसणारे नव्हेत.